पार्श्वभूमी: ‘थोडक्यात हुकलं’ कसं घडवलं जातं

‘ओपन लागला, क्लोज हुकला’, म्हणजे पहिला आकडा लागला, दुसरा चुकला, हे वाक्य नाशिककरांना नवं नाही. मटक्यातलं हे हुकणं आकड्यांच्या हिशेबातून येतं. चिन्हांची चक्रं फिरवून खेळायच्या जुगाराच्या यंत्रात, म्हणजे स्लॉट मशीनमध्ये, मात्र ते आधीच बेतून बसवलेलं असतं. कायदेशीर स्लॉट मशीन नाशिकमध्ये कुठेच नाही, पण मोबाइलवरच्या रोलेटने, म्हणजे चकती-चेंडूच्या जुगाराने, शहरात आणि ग्रामीण भागात जी घरं पोखरली, त्यामागे हेच तंत्र समजून घ्यावं लागतं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोत बनलेल्या यंत्रात तीन चक्रं आणि प्रत्येकावर 10 थांबे (चक्र थांबू शकेल अशा जागा), म्हणजे 1,000 जुळण्या. चक्रावर दिसे तेवढंच यंत्रात असे. त्यामुळे बक्षीस वाढवायचं तर चक्रही मोठं करावं लागे, आणि मोठं चक्र पाहून खेळणारा सावध होई.

1984 च्या एका अमेरिकी पेटंटने ही अडचण संपवली. निकाल चिप ठरवू लागली आणि चक्र केवळ तो दाखवण्यापुरतं उरलं. समजा, तीनपैकी प्रत्येक चक्रावर 22 थांबे आहेत आणि चिपमधल्या त्याच्या यादीत 64 घरं. जॅकपॉटच्या चिन्हाला त्यातलं एकच घर दिलं, त्याच्या लगेच वरच्या आणि खालच्या कोऱ्या थांब्यांना पाच-पाच. डोळ्यांना जॅकपॉटची शक्यता 10,648 मध्ये 1 वाटते. प्रत्यक्षात ती 2,62,144 मध्ये 1 असते. शिवाय ते चिन्ह बक्षीस ठरवणाऱ्या रेषेवर सरासरी एकदा येतं तेव्हा रेषेच्या वर किंवा खाली दहा वेळा दिसतं. सगळ्या थांब्यांना समान संधी असती, तर दोनदाच दिसलं असतं. खेळणाऱ्याला वाटतं, एका घराने गेलं. मेंदू याला हार म्हणून नोंदवत नाही, पुढच्या डावाचं निमंत्रण म्हणून घेतो.

खरा वाद पेटला तो 1980 च्या दशकाच्या शेवटी, अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात. एका जपानी कंपनीच्या यंत्रात चिपने ‘हार’ ठरवली की दुसरा प्रोग्रॅम हरलेल्या जुळण्यांतून जवळपास लागलेली जुळणी निवडून थेट रेषेवर मांडायचा. कंपनीचा बचाव असा, की जिंकणं-हरणं तर नशिबानेच ठरतं, आम्ही फक्त हार कशी दाखवायची ते निवडतो. नियामकांनी 1989 मध्ये ही पद्धत नाकारली. रेषेच्या वर-खाली पेरलेली चिन्हं मात्र चालू राहिली, कारण तिथे चिपचा निकाल आणि चक्राचा थांबा यांची सांगड आधीपासून ठरलेली असते. हा फरक कागदावर टिकतो. मशीनसमोर बसलेल्या माणसाच्या लेखी तो शून्य आहे, आणि तिथेच हा निर्णय अर्धवट राहिला.

पुढे व्हिडिओ स्लॉट आले. 20 रेषांवर एकेक रुपया लावायचा, 8 रुपये परत आले की घंटा वाजते, दिवे लागतात. गेले मात्र 12. ‘90 टक्के परतावा’ हाही असाच फसवा शब्द. तो खिशातल्या रकमेवर नसतो, लावलेल्या प्रत्येक डावावर असतो. दहा रुपयांचे 600 डाव तासाभरात झाले, तर 6,000 रुपये फिरतात आणि सरासरी 600 जातात. ‘स्टॉप’ बटणाने निकाल बदलत नाही, फिरणं फक्त लवकर थांबतं. ब्रिटनने 2021 मध्ये ऑनलाइन स्लॉटमधलं हे बटण, आपोआप चालणारे डाव आणि तोट्यावरचा जल्लोष बंद केला.

आपल्याकडे चर्चा ‘कौशल्य की नशीब’ यातच अडकली. महाराष्ट्राचा 1976 चा कॅसिनो कायदा कधी अमलात न येताच 2023 मध्ये रद्द झाला. 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. चित्र निकालाशी प्रामाणिक आहे का, हा प्रश्न बाजूलाच राहिला. खऱ्या रोलेटमध्ये चेंडू शेजारच्या खाचेत पडतो तो गतीमुळे. मोबाइलवरची चकती हे चित्र आहे. चेंडू कुठे थांबलेला दाखवायचा ते प्रोग्रॅम ठरवतो. एजंटकडून मिळालेला आयडी, पॉइंट, पैशांचे व्यवहार हे सगळं जप्त केलेल्या मोबाइलमध्ये सापडू शकतं. चेंडूची जागा ठरवणारा तो प्रोग्रॅम मात्र सर्व्हरवर असतो.