पाच विमाने म्हणजे ‘एस’, वीरचक्र म्हणजे वीरचक्र

“आप्पा, आपला हवाई दलमा आते कितला एस शेतस?”

साक्रीकडच्या एका पोराने वर्गात विचारले. मी तोंड उघडण्याआधीच मागच्या बाकावरून उत्तर आले, “अभिनंदन से ना!” बाकीच्यांनी माना डोलावल्या. गोंदूरच्या धावपट्टीवरून शिकाऊ विमान उडाले की ही पोरे खिडकीशी धावतात. राफेल आणि सुखोईची सगळी माहिती त्यांना तोंडपाठ असते. तरी वीरचक्र आणि एस यांचा हा गोंधळ दर वर्षी, दर तुकडीत होतोच. चूक त्यांची नाही. बातम्यांपासून सत्काराच्या फलकांपर्यंत शौर्यपदक मिळालेला प्रत्येक लढाऊ वैमानिक ‘एस पायलट’ होऊन बसतो. मी वीस वर्षे हवाई दलात इंजिनांवर हात काळे केले. तिथे कोणी कोणाला एस म्हणताना मी ऐकले नाही.

वीरचक्राबद्दल खान्देशात जास्त सांगायला नको. गावोगाव फौजी आहेत. परमवीर, महावीर, वीर ही उतरंड शाळकरी मुलांनाही पाठ असते. शत्रूसमोर गाजवलेल्या शौर्यासाठी राष्ट्रपती हे पदक देतात आणि ते माणसाच्या नावामागे कायमचे लागते.

‘एस’ हे पदक नाही, हुद्दा नाही, पदवीही नाही. हवाई लढाईत शत्रूची पाच किंवा त्याहून जास्त विमाने पाडलेल्या वैमानिकासाठी रूढ झालेला तो शब्द आहे. पहिल्या महायुद्धात फ्रेंचांनी तो सुरू केला. त्यांच्या भाषेत ‘आस’ म्हणजे पत्त्यांतला एक्का. मराठी माणूस नेमका इथेच घसरतो. आपल्याकडे एक्का म्हणजे आपल्या कामात पहिल्या नंबरचा, मग तो वकील असो की ढोलकीवाला. त्यामुळे ‘एस पायलट’ वाचले की आपण मनात ‘अव्वल वैमानिक’ असे भाषांतर करून मोकळे होतो. लढाऊ विमानांच्या बाबतीत मात्र हा शब्द फक्त मोजणीचा आहे. चार विमाने पाडणारा कितीही अव्वल असला तरी तो एस नाही.

फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों यांचे उदाहरण घ्या. १४ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानची सहा सेबर विमाने श्रीनगरच्या तळावर चालून आली. बॉम्ब पडत असताना सेखोंनी आपले नॅट विमान उडवले, एकट्याने झुंज घेतली, दोन सेबरवर मारा साधला आणि त्यातच ते गेले. हवाई दलाला आजवर मिळालेले एकमेव परमवीरचक्र त्यांचे आहे. ते एस नव्हते. त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला पूर्व पाकिस्तानच्या सीमेवरच्या बोयऱ्यावर चार नॅट विमानांनी दोन सेबर पाडली आणि तिसरे जायबंदी केले. मॅसी, गणपती आणि लाझारस यांना वीरचक्र मिळाले. तिघांपैकी एकही एस नाही. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी अभिनंदन वर्धमान यांनी मिग-२१ बायसनमधून पाकिस्तानी एफ-१६ पाडल्याचे भारत सांगतो, पाकिस्तान नाकारतो. भारताचे म्हणणे पूर्ण धरले तरी आकडा एक. वीरचक्र त्यांनी कमावलेच आहे. त्यांना एस म्हटल्याने त्या वीरचक्रात काडीची भर पडत नाही.

आता खरी गाठ. पाच विमाने ‘नष्ट होणे’ आणि पाच विमाने एका वैमानिकाच्या खात्यावर लागणे यांत फार अंतर आहे. वर्गात मी हे क्रिकेटने समजावतो. फलंदाज धावबाद झाला की संघाला बळी मिळतो, धावफलकावर एक आकडा वाढतो, पण गोलंदाजाच्या नावापुढे काही लागत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये हवाई दलप्रमुख ए. पी. सिंग यांनी बंगळुरूत सांगितले की, ऑपरेशन सिंदूरच्या वेळी एस-४०० या क्षेपणास्त्र यंत्रणेने पाकिस्तानची पाच लढाऊ विमाने आणि एक मोठे विमान पाडले. त्या आठवड्यात मला किमान दहा जणांनी विचारले, “पाच झाले, मग एस कोण?” कोणीही नाही. एस-४०० चे क्षेपणास्त्र जमिनीवरून सुटते. ते धावबादच आहे. शत्रूच्या तळावर उभी असलेली विमाने बॉम्बने उडवली तरी तीही सहसा या हिशेबात येत नाहीत. आणि आकाशात मारा बसून धूर सोडत घरी पोचलेले विमान ‘पाडले’ म्हणून लिहिणे तर मला सहनच होत नाही. जायबंदी म्हणजे जायबंदी.

यात दाव्याचा प्रश्नही आहे. पाकिस्तान एम. एम. आलम यांना एस मानतो, कारण ७ सप्टेंबर १९६५ रोजी सरगोध्यावर त्यांनी एका मिनिटाच्या आत भारताची पाच हंटर विमाने पाडल्याचा त्यांचा दावा आहे. भारतीय नोंदींशी हा आकडा जुळत नाही. ज्याचे विमान पडले त्याच्या नोंदवहीशी ताळा झाल्याशिवाय कोणाचाही आकडा, आपला असो वा त्यांचा, मी मुलांना पाठ करू देत नाही.

‘टॉप गन’ आणि एस यांतला फरक एका ओळीचा आहे. ‘टॉप गन’ म्हणजे लढाऊ डावपेचांचा खास अभ्यासक्रम पुरा केलेला वैमानिक, एस म्हणजे लढाईतला आकडा. आपल्याकडे हे प्रशिक्षण ग्वाल्हेरला टॅकडी या हवाई दलाच्या डावपेच शिकवणाऱ्या संस्थेत होते आणि ते पुरे करणाऱ्याला फायटर कॉम्बॅट लीडर म्हणतात. पुढे जाऊ.

मग आजच्या हवाई दलांत एस उरले आहेत का? जवळपास नाहीतच. दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या जर्मनीच्या एरिक हार्टमनच्या नावावर ३५२ विमाने आहेत, पण त्यासाठी तो चौदाशेच्या आसपास उड्डाणे करून लढत राहिला. समोर शत्रूची हजारो विमाने होती आणि युद्ध वर्षानुवर्षे चालले. ही तिन्ही कारणे आता संपली. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेचे फक्त पाच जण एस झाले, सगळे १९७२ मध्ये. त्यांतले तिघे तर फँटम विमानाच्या मागच्या आसनावर बसणारे होते, कारण तिथे दोन्ही आसनांना पूर्ण श्रेय मिळत असे. सहा विमानांसह सर्वांत पुढे असलेला चार्ल्स डीबेलव्ह्यू मागच्याच आसनावरचा! त्यानंतर अमेरिकेचा एकही एस नाही. १९९१ च्या आखाती युद्धात दोन आणि १९९९ मध्ये कोसोव्होत एक, अशी सेझर रॉड्रिग्जची गाडी तीनवर थांबली. इस्रायलच्या गिओरा एपस्टाइनची १७ विमाने हा जेट युगातला मोठा आकडा, पण तो १९६७ ते १९७३ च्या काळातला. १९८० च्या दशकात इराण-इराक युद्धात लढलेले वैमानिकही केव्हाच निवृत्त झाले.

ऑपरेशन सिंदूरसारखी लढाई चार दिवसांत आटोपते. टेहळणी विमान लक्ष्य दाखवते, वैमानिक शंभर किलोमीटरवरून क्षेपणास्त्र सोडतो आणि शत्रू त्याला डोळ्यांनी दिसतही नाही. अशा लढाईत एका माणसाच्या नावावर पाच विमाने जमणे कौशल्याअभावी अडत नाही. तेवढी संधीच येत नाही.

खरा वाद ड्रोनचा आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये युक्रेनच्या वादिम वोरोशिलोव्हने मिग-२९ मधून शाहेद ड्रोन पाडले. आकडा पाचवर गेल्याच्या बातम्या आल्या आणि लगेच त्याला एस म्हटले जाऊ लागले. मला ते पटत नाही. उलट बाजूही सांगतो. पहिल्या महायुद्धात टेहळणीचे फुगेसुद्धा मोजले जात. अमेरिकेच्या फ्रँक ल्यूकच्या १८ विजयांपैकी १४ फुगेच होते. तरीही मला दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिशांची रीत बरी वाटते. जर्मनीचे व्ही-१ उडते बॉम्ब पाडणे अतिशय धोक्याचे काम होते, आणि त्यांनी त्याची वेगळी मोजदाद ठेवली. विमानांच्या आकड्यात ती मिसळली नाही. ड्रोनसाठीही वेगळा रकाना हवा. माणूस बसलेले, उलटून गोळी झाडणारे विमान आणि ठरल्या वाटेने जाणारा ड्रोन एकाच रकान्यात बसत नाहीत.

साक्रीच्या पोराला मी सांगितले की, सध्या सेवेत एकही नाही आणि आजवरचा भारतीय एस म्हणून एकच नाव घेतले जाते. कलकत्त्याचा इंद्रलाल रॉय. स्वतंत्र भारताचे हवाई दल तर सोडाच, तेव्हा भारताला हवाई दलच नव्हते. तो ब्रिटिशांच्या ४० क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये एस.ई.५ए विमान उडवायचा. जुलै १९१८ मध्ये दोन आठवड्यांत त्याने दहा विजय मिळवले, त्यांतले काही साथीदारांसोबत वाटून. २२ जुलैला तो लढतानाच पडला. वय १९.

पोराने वहीत लिहून घेतले आणि विचारले, “मंग त्याले वीरचक्र भेटनं का?”

वीरचक्र १९५० मध्ये सुरू झाले. त्याला डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला, मरणोत्तर.