केबल लावली, पण कॉम्प्युटरला कळली का?

सांगलीच्या मार्केट यार्डातून हळदीच्या पेढीवरचा फोन येतो, "दादा, बिलाचा प्रिंटर कॉम्प्युटर दाखवतच नाही." मी आधी एवढंच विचारतो, "यूएसबी केबल काढून परत लावल्यावर आवाज येतो का?" हा प्रश्न विचारता येतो, ही सोय फार जुनी नाही.

पूर्वी प्रिंटर पॅरलल पोर्टला आणि मोडेम सिरियल पोर्टला लागायचा. मागं कोण जोडलंय, ते बहुतेक वेळा माणसानंच कॉम्प्युटरला सांगायचं. नवं कार्ड बसवताना त्यावरचा जंपर, म्हणजे पिनांवरची छोटी टोपी, हलवून आयआरक्यू नंबर (कार्डानं कॉम्प्युटरचं लक्ष वेधायचा क्रमांक) निवडावा लागे आणि दोन कार्डांनी एकच नंबर धरला की काम अडायचं. या कटकटीतून यूएसबी जन्मलं. इंटेल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम यांच्यासह सात कंपन्या एकत्र आल्या आणि जानेवारी १९९६ मध्ये पहिली आवृत्ती आली. इंटेलमध्ये या कामात पुढे असलेले अजय भट्ट बडोद्याला शिकलेले. ॲपलच्या १९९८ च्या आयमॅक कॉम्प्युटरनं जुने पोर्ट काढूनच टाकले, तेव्हापासून यूएसबी झपाट्यानं पसरलं.

ओळखायची युक्ती मला आजही विलक्षण वाटते. डेटाच्या दोन तारांपैकी एकीला उपकरणाच्या आत दीड किलोओहमचा रेझिस्टर असतो. केबल लागली की त्या तारेचा व्होल्टेज वर चढतो आणि पोर्टला कळतं, कुणीतरी आलंय. कोणती तार चढली, यावरून वेगही कळतो: माउस-कीबोर्डचा सहसा सेकंदाला दीड मेगाबिट, नाहीतर बारा. २००० साली आलेलं ४८० मेगाबिटचं यूएसबी २.० सुद्धा सुरुवात त्या बारापासूनच करतं. मग कॉम्प्युटर उपकरणाला रीसेट करतो, शून्य पत्त्यावर गाठून 'तू कोण?' विचारतो आणि १ ते १२७ मधला एक पत्ता देतो. उपकरण कंपनीचा आणि मॉडेलचा नंबर सांगतं. ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर, शोधायची वेळ त्यानंतर येते.

म्हणून विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'अननोन डिव्हाइस' दिसलं, तर तार चढली होती, बोलणं मधेच तुटलं. लिनक्सवर 'एलएसयूएसबी' कमांडनं येणाऱ्या यादीत नाव आहे पण छपाई होत नाही, तर ड्रायव्हर बघा. काहीच हललं नाही तर आधी केबल बदला. नुसत्या चार्जिंगच्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतातच. मोबाइल चार्ज होतो, पण कॉम्प्युटरला त्याचा पत्ता लागत नाही. पेढीवर परवा तशीच केबल प्रिंटरला लावलेली निघाली, आणि ड्रायव्हर तीनदा टाकून झाला होता.