सायकलचं हँडल पोटात लागलं: साकळलेलं रक्त की हर्निया?

मूल सायकलवरून पडताना हँडल फिरतं आणि त्याचं टोक सरळ पोटात रुततं. वेग फारसा नसतो, पण सगळा भार तेवढ्याशा जागेवर येतो. मुठीचं रबर फाटून नळी उघडी पडली असेल तर कातडीवर गोल ठसाच उमटतो. खाली फुगवटा दिसला की घरचे म्हणतात, ‘मुका मार आहे, उतरेल.’

बहुतेकदा ते खरंही असतं; स्नायूत रक्त साकळलेलं असतं. क्वचित मात्र त्या ठशाखाली पोटाचा स्नायू आणि त्याचं चिवट आवरण फाटलेलं असतं आणि आतडं कातडीखाली येतं. मुलांची कातडी लवचीक. ती ताणली जाते, फाटत नाही. त्यामुळेच वरची किरकोळ खूण फसवते. असा हर्निया बहुधा बेंबीच्या खालच्या बाजूला, पोटाच्या उभ्या स्नायूच्या बाहेरच्या कडेला होतो.

साकळलेल्या रक्ताची गाठ घट्ट आणि दुखरी असते. मूल उताणं निजलं तरी ती तेवढीच राहते, दाबून आत जात नाही. काळानिळा रंग पुढे हिरवट-पिवळा होतो आणि गाठ हळूहळू विरते. हर्निया उभं राहिल्यावर, रडताना, खोकताना वाढतो. निजल्यावर बरेचदा बसतो. डॉक्टरांनी हलक्या हाताने आत सारला तर कधी गुडगुड ऐकू येते. घरी मात्र दाबून पाहू नये, चोळू तर मुळीच नये.

खरी अडचण पहिल्या एक-दोन दिवसांत येते. दोन्ही एकत्र असू शकतात आणि सुजेखाली स्नायूतली फट हाताला लागत नाही. म्हणून एकदा तपासून विषय संपवू नये, सूज ओसरल्यावर पुन्हा पाहावं, असं मला ठामपणे वाटतं. सोनोग्राफीही मूल खोकत किंवा जोर करत असताना केली तर फट उघडी पडते. सीटी स्कॅनमध्ये ती बहुतेकदा दिसते, शिवाय आतल्या अवयवांची इजाही सहसा कळते. याच माराने स्वादुपिंड किंवा आतडंही दुखावू शकतं, आणि ते कधीकधी उशिरा उघड होतं. हिरवी उलटी, ताप, वाढतं दुखणं किंवा फुगत चाललेलं पोट दिसलं, तर गाठ कसलीही असो, लगेच रुग्णालय गाठायचं.

रक्ताच्या गाठीला सहसा विश्रांती आणि वेदनाशामक पुरतं. हर्नियात बहुधा शस्त्रक्रिया करून फाटलेले थर एकेक करून शिवतात.