घोडीचा माज आणि रात्रीची लांबी

हिवाळा सरत आला की खरारा करताना घोडीच्या अंगावरचे लांब, मऊ केस मूठमूठ हातात येऊ लागतात. हवेतला गारठा अजून गेलेला नसतो, पण दिवस वाढू लागल्याची वर्दी घोडीच्या मेंदूला केव्हाच मिळालेली असते. प्रोलॅक्टिन नावाच्या संप्रेरकाचे रक्तातील प्रमाण वाढते, हिवाळी केस झडू लागतात, आणि अनुभवी मोतद्दार त्यावरून ओळखतो की या घोडीचे अंडाशयही आता जागे होऊ लागले आहे. केस झडणे आणि माजावर येणे या दोन वेगळ्या घटना असल्या, तरी दोहोंमागचे घड्याळ एकच आहे, आणि ते घड्याळ रात्रीची लांबी मोजते.

घोडीचा गर्भकाळ सुमारे ३४० दिवसांचा असतो. ३२० ते ३६० दिवसांपर्यंतचा फरक नेहमीचाच समजला जातो. त्यामुळे वसंतात किंवा उन्हाळ्याच्या सुरुवातीला फळलेली घोडी पुढच्या वर्षी जवळपास त्याच सुमारास विते, म्हणजे कोवळे गवत मुबलक असताना शिंगरू जन्माला येते. मेंढीचा गर्भकाळ पाच महिन्यांचा असल्याने तिला वसंतात विण्यासाठी शरद ऋतूत माजावर यावे लागते. दोघींच्या शरीरात रात्रीचा निरोप पोहोचवणारे संप्रेरक तेच आहे, मात्र लांब रात्रीचा अर्थ मेंढीसाठी ‘आता वेळ झाली’ असा होतो आणि घोडीसाठी ‘आता थांब’ असा. हंगामाची ही बंधने विषुववृत्तापासून दूर गेल्यावर कडक होतात आणि त्याच्याजवळ सैल पडतात, कारण तिथे वर्षभरात दिवसाची लांबी फारशी बदलत नाही.

हा निरोप डोळ्यांतून सुरू होतो. दृष्टिपटलावर पडलेल्या प्रकाशाची खबर मेंदूच्या तळाशी असलेल्या जैविक घड्याळाला मिळते आणि तिथून ती मज्जातंतूंच्या बऱ्याच वळणाच्या वाटेने पिनिअल ग्रंथीपर्यंत जाते. ही ग्रंथी अंधार असेपर्यंत मेलाटोनिन स्रवते आणि उजेड होताच स्रवणे थांबवते. म्हणजे रात्र जितकी लांब, तितका मेलाटोनिनचा अंमल लांब. हा अंमल लांबला की अधश्चेतक या मेंदूच्या भागातून येणारे जीएनआरएच हे संप्रेरक कमी होते. त्याच्याच हुकुमावर मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी एफएसएच आणि एलएच ही संप्रेरके तयार करते. यांपैकी एफएसएच अंडाशयातील बीजपुटके, म्हणजे बीजांड असलेल्या द्रवाने भरलेल्या पिशव्या, वाढवते, तर एलएच पक्व पुटकातून बीजांड बाहेर पाडते. हिवाळ्यात एफएसएच काही प्रमाणात टिकून राहते, पण एलएचचा साठा जवळजवळ तळाला जातो, आणि पुढचा सगळा गोंधळ या असमतोलातून निर्माण होतो.

ऐन हिवाळ्यात बहुतेक घोड्यांचे अंडाशय लहान आणि टणक असते. दिवस वाढू लागल्यावर ते एकदम पूर्ववत होत नाही, मध्ये सुमारे दोन महिन्यांचा संक्रमणकाळ जातो. माझ्या मते घोडीच्या प्रजननातील सर्वांत जास्त गैरसमज याच काळाबद्दल आहेत. एफएसएचच्या जोरावर पुटके वाढतात, काही तर ३ सेंटिमीटरच्या पुढे जातात, पण त्यांना फोडण्याइतके एलएच नसल्याने ती तशीच जिरून जातात आणि त्यांची जागा नवी पुटके घेतात. दरम्यान घोडी कित्येक दिवस, कधी दोन-तीन आठवडेही, नर घोडा दिसताच शेपटी उचलून उभी राहते, थोडे थोडे मूत्र सोडते आणि माजाची सगळी लक्षणे दाखवते. याचे कारण असे की घोडीमध्ये माज दाबून धरणारे मुख्य संप्रेरक प्रोजेस्टेरॉन हे आहे. ते नसेल तर वाढत्या पुटकातून येणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक अगदी थोडे असले तरी माजाची लक्षणे दिसायला पुरते. दोन्ही अंडाशये काढून टाकलेल्या काही घोड्याही माज दाखवतात, यावरून बाहेरून दिसणाऱ्या लक्षणांवर किती विसंबावे याचा अंदाज येतो.

अशा घोडीला पुन्हा पुन्हा नर दाखवून काहीही साधत नाही. पुटक फुटतच नसल्याने गर्भ राहण्याचा प्रश्न येत नाही, उलट प्रत्येक संयोगानंतर गर्भाशयाला थोडीफार सूज येते आणि तिचा ताण शरीराला विनाकारण सोसावा लागतो. मालकाला ती घोडी वांझ वाटू लागते, औषधे सुरू होतात, आणि प्रत्यक्षात ती अगदी निरोगी असते. अखेरीस एक पुटक असे वाढते की ते भरपूर इस्ट्रोजेन तयार करू शकते. त्या इस्ट्रोजेनमुळे पीयूषिका ग्रंथीतील एलएचचा साठा भरून निघतो, आणि वर्षातील पहिले बीजांड बाहेर पडते. उत्तर गोलार्धात हे बहुधा एप्रिलच्या सुमारास घडते.

या पहिल्या बीजांडानंतर मात्र चक्र नियमित होते. ते २१ ते २२ दिवसांचे असते आणि त्यांपैकी ५ ते ७ दिवस घोडी माजावर असते. सोनोग्राफीच्या पडद्यावर या दिवसांत गर्भाशयाच्या सुजलेल्या घड्या चाकाच्या आऱ्यांसारख्या दिसतात आणि अंडाशयात ३५ ते ४५ मिलिमीटरचे पुटक काळ्याभोर गोलासारखे उठून दिसते. फुटण्याआधी ते मऊ पडते आणि अनेकदा त्याचा गोल आकार बिघडतो. बीजांड माज संपण्याच्या २४ ते ४८ तास आधी बाहेर पडते. रिकाम्या पुटकाच्या जागी पीतपिंड तयार होतो, त्यातून प्रोजेस्टेरॉन स्रवू लागते आणि घोडी नराला लाथा झाडू लागते. गर्भ नसेल तर बीजांड बाहेर पडल्यापासून १४व्या-१५व्या दिवशी गर्भाशयातून प्रोस्टाग्लँडिन येऊन पीतपिंड विरघळवते. गर्भ असेल तर तो मोहरीएवढ्या अवस्थेपासून साधारण १६व्या दिवसापर्यंत गर्भाशयभर फिरत राहतो आणि आपण आहोत हे त्याला जागोजागी कळवतो, म्हणूनच पीतपिंड टिकतो. इतका धडपडा गर्भ पाळीव प्राण्यांत क्वचितच आढळतो.

निसर्गाच्या या वेळापत्रकात माणसाची घाई आडवी येते. उत्तर गोलार्धात शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांचे वय १ जानेवारीपासून मोजले जाते, दक्षिण गोलार्धात १ ऑगस्टपासून. त्यामुळे वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेले शिंगरू मे महिन्यातल्या शिंगरापेक्षा कागदोपत्री समवयस्क, पण अंगाने मोठे असते, आणि घोडी फेब्रुवारीतच फळावी असा आग्रह धरला जातो. कृत्रिम उजेडाने हंगाम अलीकडे आणता येतो, हे १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बर्खार्ट यांच्या अभ्यासातून दिसले, आणि आजही हाच उपाय सर्वांत भरवशाचा आहे. डिसेंबरच्या सुरुवातीपासून सूर्यास्तानंतर दिवे लावून एकूण उजेड १६ तासांचा केला, तर साधारण ६० ते ७० दिवसांत पहिले बीजांड बाहेर पडते. ठाणाच्या कोणत्याही कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचता येईल इतका उजेड पुरतो.

इथे दोन गोष्टी नीट सांभाळाव्या लागतात. जादा उजेड संध्याकाळच्या टोकाला जोडायचा असतो, कारण पहाटे लवकर दिवे लावण्याचा तसा परिणाम होत नाही. दुसरे म्हणजे दिवे रात्रभर चालू ठेवले तर उपाय फसतो, कारण अंधारच उरला नाही तर मेंदूला रात्रीची लांबी मोजता येत नाही. याउलट अंधार पडल्यानंतर साडेनऊ ते दहा तासांनी फक्त एक तास उजेड दिला तरी काम होते, इतका हा काळ संवेदनशील असतो. अलीकडे घोडीच्या एकाच डोळ्यावर मंद निळा प्रकाश पाडणारे मुखवटेही वापरले जातात. निळ्या प्रकाशाने मेलाटोनिन सर्वाधिक दबते, आणि घोडीला रात्री मोकळ्या कुरणात ठेवता येते.

आहाराचा वाटाही मोठा आहे. अंगाने भरलेल्या घोडीचा हिवाळी विराम लहान असतो, काही तर वर्षभर माजावर येत राहतात. खंगलेल्या आणि फार वयस्क घोडीला पहिले बीजांड सोडायला उशीर लागतो.

जी घोडी आधीच गाभण आहे आणि जानेवारीत विणार आहे, तिलाही उजेडात ठेवावे लागते, हे पुष्कळदा विसरले जाते. व्याल्यानंतर आठवडा-दीड आठवड्यात तिला पहिला माज येतो खरा, पण बाहेर रात्री अजून लांब असल्याने त्यानंतर तिचे अंडाशय पुन्हा हिवाळी विरामात जाऊ शकते. म्हणून तिच्यासाठी लावलेले दिवे ती व्याली की बंद करायचे नसतात, बाहेरचा दिवस पुरेसा मोठा होईपर्यंत ते रोज संध्याकाळी लागलेच पाहिजेत.