त्रिकला मंडलातील वीजवापराचे गणन

परस्परांत १२० अंशांचे कलांतर (चढउतारातील अंतर; पूर्ण आवर्तन ३६० अंशांचे) असलेल्या तीन प्रत्यावर्ती (एसी) दाबांवर चालणाऱ्या मंडलाने, म्हणजे व्यवहारातील ‘थ्री फेज’ जोडणीने, घेतलेली शक्ती व ठरावीक काळात वापरलेली ऊर्जा काढण्याची रीत.

या प्रणालीच्या जनकत्वाविषयी एकमत नाही. अशा दाबांतून मोटर फिरवणारे फिरते चुंबकीय क्षेत्र गालिलेओ फेरारीस व निकोला टेस्ला या संशोधकांनी साधारणपणे १८८५ ते १८८८ या काळात स्वतंत्रपणे सिद्ध केले. परंतु दोघांचेही आरंभीचे काम मुख्यतः द्विकला (दोन दाबांच्या) स्वरूपाचे असल्याने, आज रूढ असलेल्या त्रिकला प्रणालीचे श्रेय अभियंता मिखाइल डोलिव्हो-डोब्रोव्होल्स्की यांच्याकडे जाणे अधिक सयुक्तिक वाटते. जर्मनीतील हाझेलवांडर व स्वीडनमधील व्हेनस्ट्रम यांचे दावेही जवळपास त्याच सुमाराचे आहेत. १८९१ मध्ये जर्मनीतील लाउफेनहून फ्रँकफुर्टपर्यंत सुमारे १७५ किमी. वीज नेण्यात आली आणि प्रणालीची उपयुक्तता निर्विवाद ठरली.

भार समतोल (तिन्ही फेजवर सारखा) असल्यास, जोडणी स्टार (तिन्ही टोके एका बिंदूत जोडलेली) असो वा डेल्टा (त्रिकोणात जोडलेली), शक्ती = √३ × दोन तारांमधील दाब × तारेतील प्रवाह × शक्तिगुणक (पॉवर फॅक्टर, म्हणजे दाब व प्रवाह यांच्या गुणाकारापैकी प्रत्यक्ष शक्ती होणारा अंश). समजा, रत्नागिरीच्या मिरकरवाड्यासारख्या मासळी बंदरालगत बर्फ कारखान्यातील काँप्रेसरची मोटर ४१५ व्होल्टवर २८ अँपिअर घेते व शक्तिगुणक ०.८५ आहे, तर शक्ती सुमारे १७.१ किलोवॉट आणि दहा तासांचा वापर १७१ युनिट येतो. मोटरच्या पाटीवरील अश्वशक्ती शाफ्टवर मिळणारी असते. तिला ७४६ ने गुणून कार्यक्षमतेने भागावे, तेव्हा मोटर घेत असलेले वॉट मिळतात.

किनाऱ्यावर मात्र समतोल गृहीत धरणे धोक्याचे आहे. खाऱ्या हवेने तांब्याच्या टोकांवर हिरवट थर चढतो, एखाद्या फेजचा सैल स्क्रू तापू लागतो, आणि क्लँप मीटर (तारेभोवती पकडून प्रवाह मोजणारे उपकरण) तिन्ही तारांवर निरनिराळा प्रवाह दाखवतो. अशा वेळी सरासरी प्रवाह घेऊन वरील सूत्र वापरल्यास उत्तर केवळ अंदाज राहते. शक्ती मोजूनच घ्यावी.

मापनाचा आधार फ्रेंच अभियंता आंद्रे ब्लाँडेल यांनी १८९३ मध्ये मांडलेला नियम होय : जितक्या तारा, त्याहून एक कमी वॉटमापक पुरतो. त्यामुळे तीन तारांच्या मंडलास, भार विषम असला तरी, दोन वॉटमापक पुरेसे होतात व त्यांच्या वाचनांची बेरीज एकूण शक्ती देते. समतोल भाराचा शक्तिगुणक ०.५ असता एक वाचन शून्य येते, आणि त्याहून कमी असता ते ऋण होते. रिकाम्या चालणाऱ्या मोटरीत असे सर्रास घडते. ते वाचन बिघाड समजून सोडू नये, वजा करावे. न्यूट्रलसह चार तारा असल्यास, तिन्ही फेजवर दिवे व पंखे वाटलेल्या भारासाठी, तीन घटकांचे (म्हणजे तीन वॉटमापकांचे काम करणारे) मीटर लागते.