तलावाच्या फाटकाशी अडवलेलं मूल

जून २००९ मधला एक सोमवार. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियामधल्या एका उन्हाळी शिबिराची मुलं शहराबाहेरच्या खासगी स्विमिंग क्लबात पोहायला गेली. पन्नासहून अधिक मुलं होती, बहुतेक कृष्णवर्णीय, काही लॅटिन अमेरिकी वंशाची. दर सोमवारी तलाव वापरता यावा म्हणून शिबिराने क्लबाकडे उन्हाळाभराचे १,९५० डॉलर आधीच भरले होते. मुलं पाण्यात उतरली आणि काठावरच्या मोठ्या माणसांचं बोलणं त्यांच्यातल्या काहींच्या कानावर पडलं. इतकी काळी मुलं इथे काय करताहेत, अशा अर्थाचं.

काही दिवसांतच क्लबाने पैसे परत केले आणि येणं बंद करायला सांगितलं. गर्दी झेपत नाही, हे क्लबाचं कारण. पण क्लबाचे अध्यक्ष पत्रकारांशी बोलताना म्हणाले की, इतक्या मुलांमुळे क्लबाचं रंगरूप आणि वातावरण बदलेल अशी चिंता होती. पेनसिल्व्हेनियाच्या मानवी संबंध आयोगाला तक्रारीत तथ्य दिसलं, अमेरिकेच्या न्याय विभागाने २०१० मध्ये खटला भरला, दरम्यान क्लबाने दिवाळखोरी जाहीर केली होती. २०१२ मध्ये सुमारे ११ लाख डॉलरवर प्रकरण मिटलं.

कागदावर ते मिटलं. पण आठ-नऊ वर्षांच्या मुलाने ओल्या अंगाने जे ऐकलं, ते त्याच्या आत कुठे जाऊन बसतं? या प्रश्नावर विज्ञानाकडे सांगण्यासारखं बरंच आहे.

सुरुवात पाळण्यापासून करावी लागते. नवजात बाळाला कोणत्याही वंशाचा चेहरा सारखाच वाटतो. तीन महिन्यांचं होईपर्यंत मात्र ते आपल्या भोवती जसे चेहरे असतात, तशा चेहऱ्यांकडे जास्त वेळ बघू लागतं. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन महिन्यांच्या बाळांचे तीन गट होते: इस्राएलमधली गोरी बाळं, इथिओपियातली कृष्णवर्णीय बाळं आणि इस्राएलमध्ये दोन्ही प्रकारच्या माणसांत वाढणारी इथिओपियन वंशाची बाळं. पहिल्या दोन गटांनी आपापल्या वंशाचे चेहरे जास्त पाहिले. तिसऱ्या गटाचा कुठेच कल दिसला नाही. म्हणजे ही ओढ रक्तातून येत नाही, ती सवयीची आहे. आणि ती नुसती ओळखीची ओढ आहे, तिच्यात द्वेष नाही. द्वेष नंतर शिकवला जातो.

दुसरा टप्पा साधारण सहा ते दहा वर्षांच्या दरम्यान येतो. ‘लोक माझ्यासारख्यांबद्दल काय समजतात’ हे मुलाला याच वयात कळू लागतं. सहा वर्षांच्या बहुतेक मुलांना ते धड सांगता येत नाही, दहाव्या वर्षापर्यंत जवळजवळ सगळ्यांना सांगता येतं. उन्हाळी शिबिरांना जाणारी मुलं नेमकी याच वयाची असतात. काठावरच्या माणसांना वाटत असावं की पोरांना काय कळतंय. त्यांना तेव्हाच सगळ्यात जास्त कळत असतं.

नाकारलं जाण्याचा घाव किती खोल जातो, हे मोजायचा एक साधा प्रयोग आहे. किप्लिंग विल्यम्स हे मानसशास्त्रज्ञ एकदा बागेत बसले होते. जवळच दोन अनोळखी माणसं फ्रिस्बी खेळत होती. तबकडी त्यांच्या पायाशी आली, त्यांनी ती परत फेकली, आणि त्या दोघांनी त्यांनाही खेळात घेतलं. थोड्या वेळाने, काहीही न बोलता, त्यांच्याकडे फेकणं बंद केलं. इतक्या क्षुल्लक गोष्टीने आपल्याला इतकं का लागलं, याचं त्यांना नवल वाटलं आणि त्यातूनच पुढे संगणकावरचा ‘सायबरबॉल’ हा खेळ तयार झाला. पडद्यावर तीन आकृत्या चेंडू फेकतात, त्यांतली एक तुम्ही. काही फेऱ्यांनंतर तुमच्याकडे चेंडू येणं थांबतं. दोन-तीन मिनिटांचा हा मामला. तरी त्यानंतर माणसं सांगतात की आपण कुणाचेच नाही असं वाटलं, स्वतःची किंमत कमी वाटली, हातात काही उरलं नाही असं वाटलं. २००३ मध्ये हा खेळ मेंदूच्या एमआरआय तपासणीत खेळवला गेला. शारीरिक वेदनेच्या त्रासात जो भाग सक्रिय होतो, त्याच भागात हालचाल वाढलेली दिसली. तो भाग इतरही अनेक कामांत गुंतलेला असतो, त्यामुळे ‘अपमान म्हणजे जखमच’ असं सरळ समीकरण मी मांडणार नाही. पण दुखतं, ते खरोखर दुखतं.

याच खेळाचा आणखी एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. ऑस्ट्रेलियात काही जणांना सांगण्यात आलं की पडद्यावरचे दुसरे दोघे कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेचे आहेत. अशांच्या खेळात कोणाला रस असणार? तरीही चेंडू येणं थांबल्यावर माणसं दुखावलीच. म्हणून ‘असल्या लोकांकडे लक्ष देऊ नकोस, त्यांची लायकीच नाही’ ही समजूत मुलाला त्या क्षणी उपयोगी पडत नाही. घाव आधी बसतो, विचार मागून येतो.

एकदाच बसलेला घाव भरून येतो. तो वारंवार बसत राहिला तर शरीराची घडी बदलते. कॉर्टिसॉल हे संप्रेरक निरोगी माणसात सकाळी उठल्यावर वाढतं आणि रात्रीपर्यंत उतरत जातं. मेरीलँडमधल्या काही मुलांचा किशोरवयापासून सुमारे २० वर्षं पाठपुरावा केला गेला. ज्यांनी या काळात वांशिक भेदभाव जास्त सोसल्याचं सांगितलं होतं, त्यांचा हा दैनंदिन चढउतार मोठेपणी सपाट झालेला आढळला, आणि किशोरवयातल्या अनुभवांचा ठसा त्यात अधिक ठळक होता. असा सपाट आलेख थकवा, नैराश्य, हृदयविकार यांच्या जोडीने दिसतो. आयोवा आणि जॉर्जियातल्या शेकडो कृष्णवर्णीय कुटुंबांच्या दीर्घ अभ्यासातही हेच सूत्र दिसलं: दहा-बारा वर्षांच्या वयात भेदभाव सोसलेल्या मुलांमध्ये पुढे नैराश्याची लक्षणं आणि वर्तनाच्या अडचणी जास्त. मात्र जिथे आईवडील मायेने वागवत होते, मुलाच्या शंका ऐकून घेत होते, तिथे हा परिणाम बराच सौम्य झाला. घराची ढाल काम करते. पण रोज ढाल धरून उभं राहायची वेळ एखाद्या आईवर का यावी?

आता पाण्याकडे वळू. बसमध्ये, शाळेत, हॉटेलात भेदभाव होताच. पण अमेरिकेत तरणतलावावरून जेवढी डोकी फुटली, तेवढी फार थोड्या जागांवरून फुटली असतील. त्यामागचं मानसशास्त्र मराठीत एका शब्दात सांगता येतं: विटाळ. पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञाने फळांच्या रसात पूर्ण निर्जंतुक केलेलं मेलेलं झुरळ क्षणभर बुडवून काढलं आणि लोकांना रस प्यायला सांगितलं. जंतू नाहीत हे ठाऊक असूनही बहुतेकांना तो घशाखाली घालवेना. एकदा स्पर्श झाला की तो कायमचा लागतो, असं मन धरून चालतं. या जुन्या प्रतिक्रियेला समाजाने माणसांकडे वळवलं की पाणी हे तिचं सगळ्यात सोपं माध्यम होतं, कारण पाण्यात सगळे एकत्र भिजतात.

पिट्सबर्गमधला हायलँड पार्क तलाव १९३१ मध्ये उघडला, तेव्हा दारावर कृष्णवर्णीयांकडेच आरोग्याचा दाखला मागितला गेला. जे तरीही आत शिरले, त्यांना मारहाण झाली. स्त्री-पुरुष एकाच तलावात पोहू लागल्याचाही तो काळ, आणि गोऱ्या स्त्रियांजवळ कृष्णवर्णीय पुरुष नकोत ही भीती त्या आगीत तेल ओतत होती. कॅलिफोर्नियात पॅसाडिनाच्या तलावात बिगरगोऱ्यांना आठवड्यातून एकच दिवस मुभा होती, आणि तो दिवस संपला की पाणी बदललं जाई. १८ जून १९६४ रोजी फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीन इथे आंदोलक एका मोटेलच्या तलावात उतरले, तर व्यवस्थापकाने पाण्यात आम्ल ओतलं.

त्याच वर्षी सार्वजनिक जागांतल्या वंशभेदाला बंदी घालणारा नागरी हक्कांचा कायदा झाला, पण खरोखर खासगी असलेल्या क्लबांना त्यातून सूट मिळाली. पळवाट तिथेच होती. आर्कान्सामधल्या लिटल रॉकजवळच्या लेक निक्सन या जागेने स्वतःला ‘क्लब’ म्हणवून २५ सेंटला सभासदत्व विकायला सुरुवात केली. प्रत्येक हंगामात सुमारे एक लाख गोरे सभासद होत, कृष्णवर्णीय मात्र एकही नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये हा बनाव फेटाळला. कायद्याच्या कक्षेत ही जागा येते हे दाखवायला न्यायालयाने तिथल्या खाद्यपदार्थांतले घटक, ज्यूकबॉक्स (नाणं टाकून गाणी वाजवायचं यंत्र) आणि पेडल मारायच्या होड्या राज्याबाहेरून आल्याचं, म्हणजे तिचा राज्याराज्यांतल्या व्यापाराशी संबंध असल्याचं, नोंदवलं. पुढे १९७३ मध्ये मेरीलँडच्या एका वसाहतीतल्या तलावाबाबतही निकाल असाच लागला. दुसरीकडे मिसिसिपीतल्या जॅक्सन शहराने सार्वजनिक तलाव सगळ्यांना खुले करण्याऐवजी बंदच केले, आणि १९७१ मध्ये न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ते चालवून घेतलं. गोरी कुटुंबं उपनगरांतल्या क्लबांकडे आणि घरामागच्या तलावांकडे वळली. शहरातली मुलं पाण्याविना राहिली.

त्याचा हिशेब आजही लागतो आहे. १९९९ ते २०१९ या काळात अमेरिकेत १० ते १४ वर्षांची कृष्णवर्णीय मुलं तरणतलावात बुडण्याचं प्रमाण त्याच वयाच्या गोऱ्या मुलांच्या ७.६ पट होतं. २०१७ च्या एका पाहणीत ६४ टक्के कृष्णवर्णीय मुलांना पोहता येत नव्हतं किंवा जेमतेम येत होतं. गोऱ्या मुलांत हा आकडा ४० टक्के. काळ्यांची हाडं जड, ती बुडणारच, असं अनेक वर्षं सांगितलं गेलं. पण पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेलेले पंधराव्या-सोळाव्या शतकातले युरोपीय प्रवासी तिथल्या लोकांचं पोहणं पाहून थक्क झाले होते. हाडांच्या घनतेतल्या किरकोळ फरकाने कोणी पोहायला शिकत नाही असं होत नाही. आईवडिलांना पोहता येत नसेल तर मूल शिकण्याची शक्यता मात्र जेमतेम १९ टक्के उरते. आजीला फाटकाशी अडवलं, म्हणून आई शिकली नाही. आईला पाण्याची धास्ती, म्हणून मूल काठावरच.

२ ऑगस्ट २०१० रोजी लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टजवळ रेड नदीवर काही कृष्णवर्णीय कुटुंबं सहलीला आली होती. एका किशोरवयीन मुलाचा पाय उथळ पाण्यातून अचानक खोलात गेला. त्याला वाचवायला एकामागून एक भावंडं आणि मित्र उतरले. तो मुलगा वाचला. मागून गेलेली सहा जणं बुडाली. काठावर मोठी माणसं ओरडत होती, मदतीला हाका मारत होती. त्यांच्यातल्या कोणालाही पोहता येत नव्हतं.