वन्यजीव छायाचित्रण (ठाणे खाडी परिसर)

जंगली प्राणी-पक्षी जिथे राहतात तिथेच, त्यांना न हुसकावता, आमिष न दाखवता, वाट बघून काढलेले फोटो म्हणजे वन्यजीव छायाचित्रण. बोलताना सगळे वाइल्डलाइफ फोटोग्राफीच म्हणतात. पिंजऱ्यातला प्राणी यात धरत नाहीत.

याची सुरुवात कोणापासून धरायची यावर दोन मतं दिसतात. एक मत इंग्लंडच्या केअर्टन बंधूंकडे जातं, १८९० च्या दशकात हे दोघं पक्ष्यांच्या घरट्यांचे फोटो काढत होते आणि पुढे तर बैलाच्या कातड्याचा पोकळ बैल करून त्यात लपून बसायचे. दुसरं मत अमेरिकेतल्या जॉर्ज शिरास यांचं नाव घेतं. हा माणूस आधी शिकारी, रात्री होडीच्या टोकाला दिवा लावून हरणाचे डोळे चमकवायची ओजिब्वे (तिथल्या मूळनिवासी) लोकांची शिकारीची युक्ती त्याने घेतली आणि बंदुकीच्या जागी कॅमेरा अन् फ्लॅश ठेवला. जुलै १९०६ च्या नॅशनल जिऑग्राफिकमध्ये त्याचे ७४ फोटो आले. भारतात १९२० च्या दशकात वनअधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी वाघाच्या वाटेवर तार लावली, वाघाचा पाय लागला की फोटो निघायचा, म्हणजे आजच्या कॅमेरा ट्रॅपचा आजोबाच. हे सगळं बघता शिकारीकडून आलेली परंपरा जास्त पटते, मचाण, माग काढणं, वाऱ्याची दिशा बघणं हे सगळं तिकडचंच आहे, आणि फोटो काढण्याला आपणही ‘शूट’च म्हणतो.

ठाणे खाडीत मात्र माग काढायचा तो पाण्याचा. रोहित उर्फ फ्लेमिंगो (अग्निपंख पण म्हणतात) ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात चोच उलटी बुडवून चरतात, तेव्हा ते लांब असतात आणि दुपारी तापलेली हवा इतकी थरथरते की लांबचं जवळ आणणाऱ्या ६०० एमएमच्या लेन्सनेही फोटो धूसरच येतो. पाणी चढायला लागलं की उरलेल्या चिखलाबरोबर थवे किनाऱ्याकडे सरकतात आणि चिखल बुडाला की बरेचसे नवी मुंबईतल्या नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळांवर जाऊन बसतात. म्हणून पूर्ण भरतीच्या दोन-तीन तास आधी पोचायचं. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे गेल्या रविवारची वेळ या रविवारी चालत नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी भराभर चढतं, अष्टमीच्या आसपास भांगाला (म्हणजे भरती कमी असते तेव्हा) सगळा चिखल बुडेलच असं नाही. ऐरोलीहून वनखात्याची बोट सुटते, तीसुद्धा भरती बघूनच.

हे पक्षी इथे मोठ्या संख्येने दिसायला लागले ते साधारण १९९० च्या दशकात. मुक्काम ढोबळमानाने नोव्हेंबर ते मे. लहान रोहित आणि मोठा रोहित अशा दोन्ही जाती येतात, गर्दी लहानाची. गुलाबी रंग खाण्यातून येतो, म्हणून पिल्लं राखाडी असतात (नवखे लोक ती दुसरीच जात समजतात). २०१५ मध्ये खाडीचा सुमारे १७ चौरस किमी भाग अभयारण्य झाला, २०२२ मध्ये रामसर यादीत (जागतिक महत्त्वाच्या पाणथळांच्या यादीत) आला.

थवा अस्वस्थ झालाय हे कळायला सोपं आहे: चरणं थांबतं, माना एकदम वर येतात, सगळे एकाच बाजूला चालायला लागतात. इथेच थांबायचं, अजून पुढे गेलं तर उडतात. उडता थवा पाहिजे म्हणून टाळ्या वाजवणारे भेटतातच, त्यांनी हे वाचावं: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ शब्दाच्या व्याख्येत प्राण्याला हाकणं आणि आमिष दाखवणं दोन्ही येतं, आणि अभयारण्यात फोटोसाठी परवानगी लागते ती वेगळीच.

येऊरच्या (ठाण्याला लागून असलेल्या जंगलाच्या) बाजूला बिबट्याचे फोटो बहुतेक कॅमेरा ट्रॅपचेच असतात. फुलपाखरांसाठी घोडबंदर रोडजवळची ओवळेकर वाडी, तिथे मॅक्रो लेन्स (अगदी जवळून बारीक गोष्टी टिपणारी) पुरते.